विषय: शुक्रवारची तालीम, सिएना आणि १४ सेंट

निखिल, बुधवार ५ ऑक्टोबर २०२२, रात्री ९:४०

मंडळी, दसऱ्याच्या शुभेच्छा.

शुक्रवारी नाटकाच्या तालमीला मी माझी सिएना व्हॅन आणत नाहीये. रागावून नाही, हिशोब करून. काल ट्रेसी गावात गॅस (पेट्रोल) भरला, गॅलनला ६ डॉलर ४९ सेंट आणि वर तो शेपटाचा नऊ-दशांश सेंट. आकडा १०० वर आला आणि पंप खट् करून थांबला. मला वाटलं टाकी भरली. टाकी कुठली भरतेय, कार्डाची मर्यादा संपली होती. पुन्हा कार्ड घालून उरलेला भरला. शेजारच्या पिकअपवाल्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मीही हलवली.

माउंटन हाउसहून वसुधाताईंकडे येऊन-जाऊन शंभर मैल. ऑल्टामाँट घाटाचा चढ, गाडीत सहा माणसं, टपावर दरबाराचे दोन खांब. २० च्या वर ॲव्हरेज मिळत नाही. म्हणजे ५ गॅलन, साडेबत्तीस डॉलर, आठवड्यातून तीनदा. मैलामागे १४ सेंटांनी मंडळ देणार १४ डॉलर. उरलेले कोणी द्यायचे ते शुक्रवारच्या आत ठरवा, नाहीतर सेनापती आणि दोन्ही दासी आपापल्या गाडीने येतील.

निखिल

वसुधा (खजिनदार), ५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

निखिल, १४ सेंट मी ठरवलेले नाहीत. ऑफिसच्या कामाला गाडी वापरली तर आयआरएसने (आयकर खात्याने) जुलैपासून मैलामागे साडेबासष्ट सेंट केलेत. आपल्यासारख्या सेवाभावी संस्थेच्या कामाला मात्र १९९८ पासून १४ म्हणजे १४. तो आकडा थेट कायद्यातच लिहिलेला आहे, त्यामुळे काँग्रेसने बदलल्याशिवाय आयआरएसलाही हलवता येत नाही. त्याच्या वर मैलाच्या हिशोबाने दिले तर वरचे पैसे तुझं उत्पन्न धरतात, आणि फेब्रुवारीत फॉर्मांसाठी माझ्या मागे तूच लागशील.

हे मी ट्रेलरच्या वेळीही सांगितलं होतं. ट्रेलरचा विषय पुन्हा काढायचा नाहीये.

अमोल, ५ ऑक्टोबर, रात्री १०:५२

ट्रेलरचा विषय ताईंनीच काढला, नोंद असावी.

मूळ मुद्दा: आजच ओपेकवाल्या तेल-देशांनी रोज २० लाख बॅरल कमी काढायचं जाहीर केलंय. भाव चढणार नाही तर काय? त्यात आपल्या कॅलिफोर्नियाचा टॅक्स. माझा भाऊ टेक्ससमध्ये तीन डॉलर आणि वर थोडे सेंट देऊन भरतो आणि मला पंपाचे फोटो पाठवतो. सगळा सॅक्रामेंटोच्या राज्य सरकारचा खेळ आहे. चौदा सेंट, बासष्ट सेंट कसले मोजताय.

मंदार, गुरुवार ६ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

अमोल, मी तेल कंपनीत काम करतो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे नीट लिहितो.

ओपेकची घोषणा कालची. आपल्याकडचा भाव सप्टेंबरच्या मध्यापासून चढतोय. कालच्या घोषणेने तीन आठवड्यांपूर्वीचा भाव कसा वाढवला? उलट जूनमध्ये क्रूड (कच्चं तेल) बॅरलला १२० च्या घरात होतं, सप्टेंबरअखेर नव्वदच्या खाली आलं. बॅरलमध्ये ४२ गॅलन, म्हणजे ३० डॉलर उतरले की गॅलनमागे सत्तर सेंटांच्या आसपास उतरायला हवेत. आणि पंपावर आपण पुन्हा जूनच्याच आकड्याला टेकलोय.

टॅक्सचं: गॅलनमागे राज्याचे ५३.९ सेंट, केंद्राचे १८.४. राज्याचा १ जुलैला वाढला, तोही तीन सेंटही नाही. त्यानंतर काही बदललं नाही. टॅक्समुळे आपण कायम टेक्ससच्या वर असतो हे खरं. पण तीन आठवड्यांत डॉलरभर उडी मारली त्याला टॅक्स जबाबदार कसा?

झालंय असं. इथल्या काही रिफायनऱ्या दुरुस्तीसाठी बंद, काही अचानक बिघडलेल्या, आणि टाक्यांमधला साठा आधीच कमी. दुसऱ्या राज्यात असं झालं तर शेजारून पाइपलाइनने माल येतो. कॅलिफोर्नियात बाहेरून पेट्रोल आणणारी पाइपलाइनच नाही. जे यायचं ते जहाजाने, आणि जहाजाला आठवडे लागतात. शिवाय आपलं पेट्रोल वेगळं. उन्हाळ्यात ते हवेत उडून धूर वाढू नये म्हणून त्यातलं ब्युटेन, म्हणजे पटकन उडून जाणारा घटक, कमी ठेवावं लागतं. असं पेट्रोल बनवायला महाग, आणि ते बनवणारे देशात मोजकेच. गव्हर्नरनी ३० तारखेला हिवाळी मिश्रण लवकर विकायला परवानगी दिलीय, एरवी नोव्हेंबरची वाट बघावी लागते. हिवाळीत ब्युटेन जास्त चालतं, ते स्वस्त, मालही जास्त निघतो. भाव उतरेल. शुक्रवारपर्यंत नाही.

मीना, ६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मंदार, छान लिहिलंस, पण नफ्याचं एक अक्षर नाही. बर्कली विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ बोरेन्स्टाइन कित्येक वर्षं सांगतायत की टॅक्स, पर्यावरणाचे नियम सगळं वजा केलं तरी आपल्याकडे गॅलनमागे काही सेंट उरतात, आणि ते कुठे जातात याचा पत्ता नाही. २०१५ साली लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्सच्या रिफायनरीत स्फोट झाला तेव्हापासून ते उरतायत. रिफायनरी पुन्हा सुरू झाली, फरक काही गेला नाही. ते त्याला गूढ अधिभार म्हणतात. आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर काही गूढ नाही. वाढवायचं तेव्हा माणूस सकाळी सहाला शिडी लावून आकडे बदलतो, उतरवायचं तेव्हा शिडी हरवते.

मंदार, ६ ऑक्टोबर, सकाळी ७:४१

पंप आमचे नसतात, मीनाताई. बहुतेक पंपांवर नाव कंपनीचं आणि मालक कोपऱ्यावरचा माणूसच. त्याने आज भरलेला माल महाग पडला की तो लगेच वाढवतो, स्वस्त पडला की आधी मागचा खड्डा भरून काढतो.

अण्णा, ६ ऑक्टोबर, दुपारी ११:२०

तुम्हा मुलांना महागाई माहीत आहे, टंचाई नाही. १९७९ च्या मे महिन्यात गव्हर्नर ब्राउननी सम-विषम आणलं होतं. नंबरप्लेटचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेलाच पंपावर जायचं. मी पहाटे पाचला रांगेत. हिने थालीपिठं बांधून दिलेली. पुढच्या स्टेशन वॅगनमधल्या गोऱ्याने विचारलं हे काय, मी अर्धं दिलं. पुढच्या वेळी त्याने माझ्यासाठी रांगेत जागा धरून ठेवली.

त्या वर्षीच्या नाटकात नायक सम आणि नायिका विषम. तीन आठवडे दोघं एकत्र तालमीला आली नाहीत. पण मैलामागे पैसे कोणी मागितले नाहीत. मंडळाची फी तेव्हा ५ डॉलर होती.

मंदार, ६ ऑक्टोबर, दुपारी ११:२६

अण्णा, सम-विषम गॅस भरण्याला होतं, गाडी चालवायला नव्हे.

अण्णा, ६ ऑक्टोबर, दुपारी ११:५८

टाकी रिकामी असली की दोन्ही एकच.

रेवती, ६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मंदारदादांचं पाइपलाइनचं वाचून हसू आलं. मी परभणीची. तिथे पेट्रोलचा भाव महाराष्ट्रात कायम सगळ्यात वर किंवा वरून दुसरा-तिसरा. कारण टँकर येतो मनमाडच्या डेपोतून, आणि ते सगळं भाडं लिटरमागे आमच्याच माथी. गेल्या वर्षी मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरीला टेकलं तेव्हा टीव्हीवर केवढा गहजब! बाबा म्हणाले, "आमची शंभरी झाली तेव्हा कोणी कॅमेरा घेऊन आलं नाही." बाबांची स्कूटर तरी बरी, ते मोंढ्यापर्यंत जातात आणि परत येतात. सात समुद्र ओलांडून मी पुन्हा डेपोपासून लांबच येऊन पडलेय!

बाय द वे, मी दुसरी दासी आहे. मला गाडी नाहीये.

समीर, ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१०

मी माझ्या टेस्लातून चौघांना आणू शकतो, माउंटन हाउसवरूनच येतो. मलाही १४ सेंटच ना?

निखिल, ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१४

थांबा. शंभर मैलांना घरच्या रात्रीच्या दराने याला वीज लागणार सात-आठ डॉलरची, आणि मंडळ देणार १४? म्हणजे मी प्रत्येक तालमीला अठरा डॉलर घालायचे आणि समीरने सहा कमवायचे?

समीर, ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:२०

नियम तुमचा, मी फक्त विचारलं. नाही घेतले तरी चालेल. खांब मात्र माझ्या गाडीत मावत नाहीत, आणि काचेच्या टपावर मी बांधू देणार नाही.

अमोल, ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५

रेवती, मुंबईत शंभरी २९ मेला झाली. बाकी बाबांचं बरोबर आहे. आणि महागाईत मदत म्हणून राज्य देणार ते पैसे गव्हर्नर उद्यापासून खात्यात टाकणार आहेत म्हणे, साडेदहाशे डॉलरपर्यंत. कोणाला कधी येणार काही कळलं का?

वसुधा, ६ ऑक्टोबर, रात्री ९:००

पैशांचं वेगळ्या मेलवर बोला. आमच्याकडे काही आलेलं नाही.

माझ्या भाच्याला फोन केला, तो टॅक्सचंच काम करतो. मैलाचा हिशोब सोडून दिला तर प्रत्यक्ष लागलेल्या पेट्रोलचे पैसे मंडळ देऊ शकतं. पावती हवी. टायर, दुरुस्ती, गाडीची झीज, यातलं काही नाही. फक्त पेट्रोल-ऑइल, पार्किंग आणि टोल. तेव्हा निखिल, ट्रेसीला टाकी फुल करून नीघ, परत गेल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल कर. दुसरी पावती मंडळाची. मध्ये पोरीच्या सॉकरला गेलास तर प्रामाणिकपणे वजा कर. समीरची वीज समीरची, त्याने स्वतःच कबूल केलंय.

पैसे नेपथ्याच्या खात्यातून जातील.

गिरीश (नेपथ्य), ६ ऑक्टोबर, रात्री ९:०४

नेपथ्याच्या खात्यातून का? माणसं नेपथ्य आहेत का? खांबांपुरते द्या. महालाचा मागचा पडदा अजून रंगवायचाय, आणि त्या खात्यात ८० डॉलर आहेत.

निखिल, ६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

ठीक आहे. उद्या सिएना आणतो, पावती ठेवतो, खातं तुम्ही आपसात ठरवा. सव्वापाचला कम्युनिटी पार्कच्या गेटपाशी, पाच मिनिटांच्या वर थांबणार नाही. समीर, तू दोन्ही दासींना घे, माझ्याकडे सेनापती, राजवैद्य आणि खांब. इंजिन चालू ठेवून कोणाची वाट बघायची सोय आता राहिलेली नाही.

अण्णा, रविवारी कोजागरीला थालीपिठं आणणार असाल तर येताना तुमच्याकडे वळतो. वाटेवरच आहे, वजा करणार नाही.

वसुधा, ६ ऑक्टोबर, रात्री १०:३३

अण्णा फ्रीमॉंटला राहतात. वाटेवर कसे?