व्हेंटिलेटर न लावणं आणि लावलेला काढणं
खूप गंभीर आजारी रुग्णाला व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं यंत्र, 'न लावणं चालेल, पण लावलेला काढणं म्हणजे जीव घेणं' हे मत पटकन पटतं. परिणाम मात्र उलटा होतो. एकदा लावला की काढताच येणार नाही म्हटल्यावर, ज्याला कदाचित उपयोग झाला असता त्यालाही लावायला सगळे कचरतील. म्हणून वैद्यकीय नीतिशास्त्रात बहुतेक जण दोन्ही सारखंच मानतात. बघायचं ते हे, की रुग्णाला आता यातून काही फायदा आहे का आणि त्याला स्वतःला काय हवं होतं. (घरच्यांना काय हवंय हा वेगळा प्रश्न, आयसीयूबाहेर नेमकी तिथेच गल्लत होते.)

ठरावीक मुदतीपुरता उपचार करून बघता येतो. किती दिवस, सुधारणा कशावरून ओळखायची, हे आधीच बोलून घ्यायचं. यंत्र थांबवलं तरी धाप आणि वेदना कमी करणारी औषधं चालूच राहतात.