आईला अंदमान दाखवायचंय, गुडघे दुखतात. कोणते किनारे जमतील?

रेवती, दादर

नमस्कार मंडळी. २४ ते ३१ जानेवारी आई, माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी असे तिघं अंदमानला निघालोय. आईचं वय ७२. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, ऑपरेशन नको म्हणते. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालते, पण जिना म्हणजे कठडा धरून एकेक पायरी. पूर्वी रोज संध्याकाळी दादर चौपाटीवर फेरी मारायची. आता दोन वर्षं झाली, वरूनच समुद्र बघते, वाळूत उतरत नाही. "पाय रुतला की निघत नाही गं," म्हणते.

बाबा होते तेव्हा दोघांचं अंदमानला जायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. आईला दोनच गोष्टी हव्यात. सावरकरांची कोठडी बघायची आणि एकदा गुडघाभर नितळ पाण्यात उभं राहायचं. मुलाला मासे बघायचेत. ट्रॅव्हलवाल्यांनी पाठवलेल्या कार्यक्रमात सात रात्रींत अकरा ठिकाणं कोंबलीत: रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील आणि बरंच काही. फोटो सगळ्यांचेच सुंदर आहेत, त्यावरून काही कळत नाही. काय ठेवू, काय गाळू? घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

मधुकर, मुलुंड

रेवतीताई, आम्ही दोघं गेल्या फेब्रुवारीत जाऊन आलो. माझी बायको ६८ वर्षांची, एक गुडघा बदललेला. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो.

आधी बाराटांग काढून टाका. त्यासाठी पहाटे अंधारात गाडीत बसावं लागतं. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्यानेच सोडतात. पुढे बोट, आणि मग चुनखडीच्या गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर चाल. आईंना झेपणार नाही. शिवाय खरं सांगू? जारवांच्या दारातून आपण गाड्यांची रांग न्यायची हेच मला पटत नाही. आम्ही गेलो नाही, आणि चुकल्याची हळहळही नाही.

आता सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. म्हणजे जिने आहेत आणि वर गेल्यावर लांबलचक व्हरांडा आहे. सकाळी उघडल्या उघडल्या जा. गर्दी नसते, मागून कोणी घाई करत नाही. आम्हाला वर पोचायला वीस मिनिटं लागली. प्रत्येक मजल्यावर थांबलो. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. २६ जानेवारीही टाळा, सुट्टीच्या दिवशी जेल धरू नये.

कोठडी साधारण साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद. झरोका तीन मीटर उंचीवर. सावरकर १९११ मध्ये तिथे गेले आणि १९२१ मध्ये त्यांना परत आणलं, ही दोन सालं शाळेपासून पाठ होती. पण हात पसरून दोन्ही भिंतींचा अंदाज घेतला तेव्हा ती दहा वर्षं काय होती ते थोडंसं समजलं. बायको उंबऱ्याशी खाली बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. तुमच्या आईंना तिथे वेळ द्या. मग जमलं तर गच्चीवर न्या. समोर रॉस बेट आणि निळाशार समुद्र. मुळात जेलच्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, कैद्यांनी एकमेकांना बघू नये म्हणून. समुद्र इतका जवळ, आणि आतल्या माणसाच्या समोर फक्त दगडी पाठ. त्या गच्चीसारखी समुद्र बघायची जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

किनाऱ्यांचं म्हणाल तर हॅवलॉकचा राधानगर. रुंद, सपाट, पांढरी वाळू. झाडीतून बाहेर पडल्यावर मऊ वाळूचा एक पट्टा आहे, तेवढी तीस-चाळीस पावलं दोघांनी दोन बाजूंनी धरून न्यायचं. पुढे ओली वाळू घट्ट आहे, तिथे बायको काठी न टेकता चालली. पण राधानगरला लाटा आहेत. परतणारी लाट तळव्याखालची वाळू ओढून नेते आणि तोल जातो. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं तर नीलचा भरतपूर किनारा बरा. बाहेरच्या प्रवाळामुळे आत पाणी तळ्यासारखं शांत असतं. जेट्टीही जवळच. फक्त पूर्ण ओहोटीला जाऊ नका, पाणी लांब जातं आणि खडे टोचतात.

आणि सूर्यास्त साडेसहाला धरू नका! जानेवारीत तिथे सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य बुडतो. चिडिया टापूला आम्ही मुंबईच्या घड्याळाने निघालो आणि पोचलो तेव्हा नुसती लाली उरली होती.

निखिल, डोंबिवली

काकांशी बाराटांगबद्दल थोडा असहमत. खारफुटीच्या बोगद्यातून बोट जाते तो भाग मला फार आवडला होता. पण ७२ वर्षांच्या आईसाठी नको, हे मान्य.

एलिफंट बीच आईंसाठी नको. होडीतून उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो. मुलाला मासे दाखवायला भरतपूरला काचेच्या तळाची बोट मिळते, आजी-नातू दोघंही बसू शकतील. बेटांदरम्यानच्या फेरीबोटीत खालच्या मजल्यावर, मधली सीट मागा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. तिकिटं मोबाइलवर ठेवलीत तर कागदावरही काढा, बेटांवर नेटवर्कचा भरवसा नाही.

सुजाता, वेसावे

रेवतीताई, आम्ही कोळी. मधुकरकाकांनी ओहोटीचं एका वाक्यात सांगितलं, पण तुमची अख्खी सहल त्याच्यावर आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि सहा तासांनी, नऊच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. हे गणित आपल्या किनाऱ्याचं, अंदमानात ही वेळ जुळणार नाही. तिथलं भरती-ओहोटीचं कोष्टक पोर्ट ब्लेअरच्या नावाने नेटवर मिळतं, ते बघा. पण दुसरी गोष्ट सगळ्या समुद्रांना लागू आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. आईला पाण्यात उभं करायचंय ना? मग भांगाचे दिवस निवडा. पाणी एकदम पायाखालून लांब पळत नाही, एकदम चढतही नाही.

पोराचं उलटं आहे. नीलला लक्ष्मणपूरच्या दोन नंबर किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिथे सुकतीला खडकांत पाण्याची डबकी उघडी पडतात. जितकं पाणी खाली जाईल तितकं जास्त दिसतं. मी एका डबक्यात समुद्रकाकडी नावाचा जीव पाहिला, हातभर लांब, काळा, नुसता पडून राहिलेला. वाटाड्याने ती काकडी उचलून माझ्या हातात द्यायला घेतली. मी म्हटलं ठेव बाबा परत, तिला ऊन सोसत नाही. बाजूच्याच डबक्यात बोटभर मासे होते, माझी सावली पडली की सगळे एकदम कपारीत. तुमचा मुलगा तिथून हलणार नाही.

आईला मात्र त्या खडकांवर नेऊ नका. शेवाळ असतं, आणि हाताला धरायला काही नाही. मुलालाही चप्पल नको, मागे पट्टा असलेले किंवा पूर्ण बंद रबरी बूट घ्या. खडकाने कापलेला पाय खाऱ्या पाण्यात लवकर भरत नाही, कालवं काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

अजून एक. मुलाला निघायच्या आधीच सांगा की शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे घरी आणायचे नाहीत. माझ्या भाचीने दोन दिवस वेचून पिशवी भरली होती, विमानतळावर तपासणीत सगळी काढून घेतली. नियम योग्यच आहे, रिकाम्या शंखातही खेकडा राहायला येतो. पण ती विमानात चेन्नईपर्यंत रडत होती. आधी सांगितलं असतं तर तिने नुसतं बघून ठेवलं असतं.

रेवती, दादर

सुजाताताई, मधुकरकाका, निखिल, तुमचे आभार कसे मानू! आईला सगळं वाचून दाखवलं. तिने लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. २६ तारखेला अष्टमी आहे. मग ट्रॅव्हलवाल्यांशी बोलून क्रमच बदलला. २४ ला पोचायचं, २५ ला थेट नील, तिथे तीन रात्री. मग २८ आणि २९ हॅवलॉक, फक्त राधानगर. ३० ला सकाळी जेल, बाकी दिवस मोकळा. बाराटांग, नॉर्थ बे, एलिफंट बीच काढले. रॉस बघितलं नाही तरी चालेल म्हणते आई, गच्चीवरून दिसतंय ना.

एकच शंका. भांगात डबकी उघडी पडतील का?

सुजाता, वेसावे

पडतील, पण कमी. सकाळी लवकर त्या दिवसाची सुकती कधी आहे ते बघून मुलाला घेऊन जा, आईला हॉटेलवर ठेवा. सुकतीच्या आधी तासभर पोचा, पाणी उतरताना बघायला जास्त मजा येते. आणि पाणी वळलं की निघा, पुढे जायचा मोह करू नका.

मधुकर, मुलुंड

क्रम उत्तम झालाय. फक्त जेल आणि परतीचं विमान यांच्यात एकच रात्र आहे, तर २९ ची हॅवलॉकहून येणारी फेरी दुपारचीच घ्या. समुद्र बिघडला आणि फेरी रद्द झाली तर आईंची कोठडी राहील. मी तर म्हणेन राधानगरची एक संध्याकाळ कमी झाली तरी चालेल.

रेवती, दादर

बरोबर आहे काका, २९ ला दुपारचीच फेरी सांगितली.

काल अमावास्या होती. सुजाताताईंच्या गणिताने सव्वाअकराला भरती, म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला सुकती. आईच म्हणाली, चल, बघू या. नातवाच्या खांद्यावर एक हात, दुसरा माझ्या हातात, अशी नवे रबरी बूट घालून दादर चौपाटीच्या वाळूत उतरली. ओल्या वाळूपर्यंत गेली. पाण्यात गेली नाही, आपल्याकडचं पाणी तिला नकोच होतं. दहा मिनिटं उभी राहिली आणि काठी माझ्याकडे दिली. बूट टाचेला सैल होतायत, एक नंबर कमी हवा. उद्या बदलून आणते.