प्रतिसाद: सुविचार राहू द्या, ताट बघा

वर कुणीतरी लिहिलंय की रोज सकाळी टीमच्या ग्रुपवर प्रेरणादायी सुविचार टाकतो, पण फरक काही पडत नाही. नाहीच पडणार! आमच्या साहेबांचाही उगवत्या सूर्याचा फोटो सातच्या ठोक्याला यायचा. लोक अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळे.

मी चाकणला शिफ्ट सुपरवायझर आहे. मला शहाणपण आलं ते कॅन्टीनच्या रांगेत. वाढणाऱ्या मावशी एकदा हळूच म्हणाल्या, "दादा, तुमचा तीन नंबर मशीनवरचा पोरगा दोन दिवस नुसता वरणभात घेतोय, पोळीला हात लावत नाही." चौकशी केली तर दाढ ठणकत होती आणि सुट्टी मागायला घाबरत होता. त्याच्या मशीनचा रिजेक्शनचा, म्हणजे खराब निघालेल्या मालाचा, आकडा मला तोंडपाठ, पण ताट कधी दिसलं नव्हतं. तेव्हापासून शिफ्टची पहिली दहा मिनिटं हातात वही न घेता फिरतो. (पहिला आठवडाभर सगळ्यांना वाटलं, चुका पकडायला आलाय.)

गाडगेबाबांचंच बघा ना. गावात पाऊल टाकलं की आधी खराटा, कीर्तन रात्री. आणि कीर्तनातही समोरच्यांनाच प्रश्न विचारायचे. मला वाटतं, दिवसा झाडताना त्यांना ते गाव कळत असणार. रात्रीचे प्रश्न तिथूनच येत असतील.

बाकी तो पोरगा आता सुट्टी जरा जास्तच बिनधास्त मागतो, ते सोडा.