पित्ताशयात खडे: तेल-तूप बंद की मोजून?

खडेबोल
सोनोग्राफीत खडे दिसलेत आणि जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, अशा पुरुषाने ऑपरेशन होईपर्यंत तेल-तूप पूर्ण बंद करावं, असं माझं मत. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात उतरले की पित्ताशय आवळतं, खडा नळीच्या तोंडाशी अडकतो आणि कळ उठते. 'कमी खा' सांगून पुरुष ऐकत नाहीत. दुपारचा डबा साधा, आणि रात्री चकण्याला खारे दाणे. 50 ग्रॅम दाण्यांत जवळपास 25 ग्रॅम फॅट. 'बंद' हा एकच शब्द त्यांना कळतो.

चमचामोजे
कारण बरोबर, उपाय चुकला. पित्ताशय आवळलंच नाही तर पित्त आत साचून दाट होतं, गाळ धरतो. झटपट वजन उतरवणाऱ्यांना नवे खडे होतात, त्याचं हे एक कारण. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन घटलं की धोका वाढतो. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. दिवसाला 40 ते 50 ग्रॅम, एका जेवणाला 10 ते 15 ग्रॅम धरा. 5 मिलीचा छोटा चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम.

वरणभात
कागदावर ठीक आहे हो. भाजी सगळ्या घराची एकाच कढईत होते, एकट्यासाठी चमचा कोण मोजणार? त्यापेक्षा महिन्याला तेलाच्या किती पिशव्या संपतात ते बघा. चार माणसांत 4 लिटर संपत असेल, तर माणशी रोज 30 ग्रॅम झालं. यात न दिसणारं धरलेलंच नाही: दोन मोठे चमचे दाण्याचं कूट 8 ते 10 ग्रॅम, 10 ग्रॅम सुकं खोबरं 6 ग्रॅम, म्हशीचं 100 मिली दूध 6-7 ग्रॅम. लोक तूप सोडतात आणि भरल्या वांग्यात कूट ओततात.

खडेबोल
म्हणजे मोजता येत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

चमचामोजे
मोजायचं कुठे ते कळलं की जमतं. वरण शिजलं की फोडणीआधी एक वाटी बाजूला काढा, त्यावर छोट्या पळीत अर्ध्या चमच्याची फोडणी. मटणाचा रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की वर चरबीचा थर गोठतो, तो पूर्ण उचलून टाका. दूध डबल टोन्ड घ्या, त्यात दीड टक्काच फॅट. बांगड्यापेक्षा ओले बोंबील बरे, पण रवा लावून तळले तर रवा तेल पितो आणि फायदा गेला. अंड्यातलं फॅट बलकात, सुमारे 5 ग्रॅम. पांढरं बिनधास्त खा.

चंद्रोदय
दिवसाच्या बेरजेपेक्षा एका वेळी किती जातं, ते जास्त नडतं. संकष्टीला दिवसभर पोट रिकामं, पित्त साठून दाट झालेलं. रात्री साडेनऊला तूप सोडून चार मोदक. कळ मध्यरात्री येते आणि दोष मोदकाला लागतो. साबुदाण्याची खिचडीही हलकी नव्हे: 30 ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप म्हणजे ताटलीत 25 ग्रॅम. सकाळी नुसता चहा पिऊन निघायचं आणि रात्री अकराला भरपेट जेवायचं, ही पुरुषांची रीतही तशीच.

दुसरीबाजू
दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतायत. पथ्याने कळा कमी होतात, खडा विरघळत नाही. कधीच त्रास न देणारा खडा बहुतेक वेळा नुसता लक्षात ठेवतात; वारंवार कळ आली की सर्जनकडे जायचं. आपल्याकडे 'पित्त' म्हणजे ॲसिडिटी, म्हणून माणूस वर्षभर गोळ्या चघळतो. नाहीतर मुतखड्याचा कुळथाचा काढा इथेही पितो. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा 'फ्लश' तर करूच नका: बाहेर पडणारे हिरवे गोळे खडे नसतात, पोटात त्या तेलाचाच साबण झालेला असतो. आणि एकदम प्यायलेल्या तेलाने खरा खडा मुख्य नळीत सरकला, तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. खडे बायकांना जास्त होतात, पण दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण करावं लागण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, गडद लघवी, किंवा पाच-सहा तास न थांबणारी कळ असेल, तर पथ्याची चर्चा सोडून तडक हॉस्पिटल गाठा.

वरणभात
ऑपरेशननंतरही जन्मभर पथ्य लागतं, असं ऐकलंय.

दुसरीबाजू
नाही. पित्त साठवायला जागा नसते, ते थोडं थोडं सतत आतड्यात येत राहतं, एवढाच फरक. सुरुवातीला तेलकटाने जुलाब होऊ शकतात, म्हणून काही आठवडे हळूहळू वाढवायचं.

खडेबोल
बरं, 'शून्य' मागे घेतो. पण तर्री आणि चकण्यावर तडजोड नाही.

चमचामोजे
चकण्याला भाजलेले फुटाणे घ्या, 30 ग्रॅममध्ये दोन ग्रॅमच्या आत फॅट. ग्लासातल्या ऐवजासाठी वेगळा धागा काढा.