टाकीवर एका देशाचे नाव, कारखाना दुसऱ्याच देशात: गाडी कोणाची मानायची?

दुचाकीवेडा (प्रश्न):
मी नुकतीच ट्रायम्फ बॉनव्हिल घेतली. नाव ब्रिटिश, रूपही जुन्या ब्रिटिश गाड्यांचे. पण चासीवरच्या पट्टीवर थायलंड लिहिलेले आहे. कंपनीने चोनबुरीला २००२ मध्ये कारखाना सुरू केला आणि इंग्लंडमधल्या हिंकलीतले मोठ्या प्रमाणावरचे उत्पादनही तिकडे नेण्याचे २०२० मध्ये जाहीर केले, हे मला ठाऊक होते; तरीही "ही काही खरी ब्रिटिश गाडी नव्हे" असे मित्रांनी म्हटल्यावर मला उत्तर सुचले नाही. गाडीचा देश नेमका कशावरून ठरवावा?

जुना फिटर:
मित्रांना आधी गोल्ड विंगचा देश विचारा. होंडाची ही गाडी १९८० पासून २००९ पर्यंत अमेरिकेत, ओहायोतील मेरिसव्हिलला बनत होती आणि तिचा चासी क्रमांक अमेरिकेच्या १ या आकड्याने सुरू होत असे. हार्ले-डेव्हिडसनला सावरण्यासाठी रेगन सरकारने १९८३ मध्ये ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटरसायकलींवरील कर ४.४ वरून ४९.४ टक्क्यांवर नेला, तेव्हा ओहायोतली ही 'जपानी' गाडी मुळात आयातच नव्हती. उलट पुढे हार्लेच्याच कित्येक मॉडेलांना शोवा या जपानी कंपनीचे फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) बसू लागले. तुमच्या गाडीच्या हँडलखाली, जिथे चासीच्या नळ्या एकत्र येतात, तिथली वेल्डिंगची रेघ बोटाने चाचपून पाहा. ती सलग आणि एकसारखी उतरते ती जिग (जोडताना भाग पकडून ठेवणारा साचा) पक्का आणि तपासणी कडक असल्यामुळे. वेल्डर कुठल्या देशाचा, हे त्या रेघेवरून कोणालाही सांगता येणार नाही.

तिसरा गिअर:
दर्जाबद्दल दुमत नाही, परंतु मित्रांचा आक्षेप दर्जावर नसावा. जुन्या ट्रायम्फचा इंग्लंडमधल्या मेरिडनचा कारखाना बंद होऊ नये म्हणून कामगारांनी १९७३ मध्ये त्याचा ताबा घेतला आणि पुढे सहकारी संस्था काढून तो १९८३ पर्यंत चालवला. आजची कंपनी जो वारसा जाहिरातीत मिरवते, त्यात त्या माणसांचाही वाटा आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अमेरिकन मोटरसायकलींवरचा कर ६ वरून ३१ टक्के केला, तेव्हा युरोपसाठीचे उत्पादन अमेरिकेबाहेर नेण्याचा हार्लेचा निर्णय हिशेबाला धरूनच होता. मात्र वर्षानुवर्षे गाडीबरोबर झेंडाही विकल्यावर गिऱ्हाईक चिडले, तर त्याला भाबडे म्हणणे मला पटत नाही.

जुना फिटर:
हे मान्य. फक्त तो राग कंपनीवर काढावा, चोनबुरीच्या कामगारावर नव्हे. शिवाय रॉयल एनफील्डकडेही पाहा: मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेट जुळवली जाऊ लागली, इंग्लंडमधल्या रेडिचचा मूळ कारखाना पुढे बंद पडला, आणि १९७७ मध्ये इथली बुलेट ब्रिटनला निर्यात होऊ लागली. तिला आज परकी कोण म्हणतो?

दुचाकीवेडा:
दोघांचेही आभार. सर्वांत मोठ्याने हसणाऱ्या मित्राकडे केटीएम ३९० ड्यूक आहे आणि ती ऑस्ट्रियन असल्याचे तो वारंवार ऐकवतो. ती चाकणला बनते, हे आज त्याच्या कानावर घालतो.