आत्याच्या सहीशिवाय काका ट्रस्टची जमीन विकू शकतात का?

प्रश्न: आजोबांनी हयातीतच जमीन फॅमिली ट्रस्टमध्ये टाकलीय, काका आणि आत्या ट्रस्टी, आम्ही सगळी नातवंडं लाभार्थी. आता काका म्हणतात सातबाऱ्यावर माझं नाव आहे, मी विकणार, आत्याला विचारलेलं पण नाही आणि ट्रस्ट डीड (ट्रस्ट बनवल्याचा दस्त) दाखवा म्हटलं की विषयच बदलतात. खूप टेन्शन आलंय, काय करू?

उत्तर: आधी डीड हातात घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. भारतीय न्यास अधिनियम १८८२, कलम ५७ प्रमाणे लाभार्थ्याला डीड आणि हिशोब बघायचा, नक्कल घ्यायचा हक्क आहे, त्यामुळे तोंडी नको, रजिस्टर पोस्टाने लेखी मागा. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून काका मालक होत नाहीत, ते तुमच्यासाठी जमीन सांभाळतायत. डीडमध्ये वेगळं काही नसेल तर साधा २१ वर्षांवरचा भाडेपट्टासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येत नाही!

उत्तर: कलम ४८ पण बघा. डीडमध्ये सूट नसेल तर सगळ्या ट्रस्टींनी मिळून काम करायचं असतं, म्हणजे आत्याची सही लागणारच. आणि घेणारा कोण आहे ते शोधा, काकांनी मुलाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर स्वतःच घेतली तर कलम ५२ आड येतं.

उत्तर: वरचं सगळं बरोबर पण वेळ घालवू नका प्लीज. ट्रस्ट आहे हे माहीत नसलेल्या माणसाने पैसे मोजून प्रामाणिकपणे घेतली तर कलम ६४ त्याला वाचवतं, मग जमीन परत मिळणं अवघड, भरपाईसाठी काकांच्या मागे लागावं लागेल. म्हणून वकील गाठा, मनाईहुकूम मागा, आणि गिऱ्हाईक कळलं असेल तर त्याला आजच नोटीस पाठवा.