स्टेफी ग्राफ एवढ्या लवकर का थांबली?

परभणीकर: पोरगी संभाजीनगरला टेनिस शिकायली म्हणून तिला जुन्या मॅचेस दाखवायलो. स्टेफीनं १९९९ ला फ्रेंच ओपन जिंकली आन् दोनच महिन्यात रिटायर, वय फक्त ३०, असं कस्काय?

लातूरचा_बंड्या: गुडघा, पाठ, सगळंच दुखणं हो. १३ व्या वर्षीच प्रो झालती ती, अंगाला किती सोसणार. १९८८ ला चारही ग्रँड स्लॅम (टेनिसच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा) वरून सोलचं ऑलिम्पिक गोल्ड, एकाच वर्षात, व्हीलचेअर टेनिस सोडलं तर सिंगल्समध्ये अजून कुणाला जमलं नाही.

जालनावाला: पण १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये तिच्या तगड्या प्रतिस्पर्धी मोनिका सेलेसला चाकू मारणारा स्टेफीचाच फॅन होता. सेलेस दोन वर्षं बाहेर. स्टेफीचे २२ स्लॅम मोजताना हे डोक्यात येतंच बगा.

लातूरचा_बंड्या: त्यात तिचा काय दोष? बाप टॅक्सच्या भानगडीत जेलात आन् ही बाई १९९६ ला फ्रेंच, विम्बल्डन, यूएस तिन्ही जिंकायली.

अंबाजोगाई_ताई: २००१ ला टेनिसपटू आंद्रे आगासीशी लग्न, दोन लेकरं, टीव्हीवर मिरवणं नाही काही नाही. पोरगा तर बेसबॉल खेळतो म्हणे! परभणीकर दादा, तुमच्या पोरीला स्टेफीचा बॅकहँड स्लाइस (उलट्या हातानं बॉल कापून मारायचा फटका) दाखवा आधी.